हातातला हरभरा आणि हिरीतला दगड

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी मंठा तालुक्यातल्या एका शेतात बोअरच्या गाडीपाशी उभा होतो. एकशे ऐंशी फुटांवर काळी भुकटी यायची थांबली आणि तांबडा चिखल वर यायला लागला. शेतमालकाचा चेहरा पडला. दोन पाषाणांच्या मधला हा तांबडा थर बोअर ढासळवतो, हे आता सगळ्यांनाच ठाऊक झालंय. मी तो चिखल चिमटीत घेऊन बोटांवर चोळला आणि मला आपले भूगोलाचे सर आठवले. मग काय लिहायचं हा प्रश्नच उरला नाही.

मी 1986 च्या दहावीच्या तुकडीचा. आमचे अण्णा विहिरी फोडायचे. पहार, घण, सुरुंग आणि यारी, एवढ्यावर आमचं घर चालायचं. सर बाहेरगावचे, गावात खोली करून राहायचे. एका रविवारी ते आमच्या कामावर आले आणि अण्णांना म्हणाले, "अण्णा, मला खाली उतरू द्या." अण्णा संकोचले, मास्तर माणूस हिरीत कसा सोडायचा! पण सर दोर धरून उतरले, तासाभरानं वर आले ते पिशवीभर दगड घेऊन. धोतरासारखं पांढरं शुभ्र पँट-शर्ट घालणारा तो माणूस तांबडा-काळा होऊन वर आलेला मी पाहिला.

सोमवारी ते दगड वर्गात टेबलावर मांडलेले होते. वरचा मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, मग घणाला दाद न देणारा काळा पाषाण आणि कागदाच्या पुडीत तो तांबडा थर. मी न राहवून बोललो, "सर, ह्ये तं आमच्या हिरीतले दगड हायेत." सर म्हणाले, "हो. आणि आज आपण ग्रह शिकणार आहोत."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मांजऱ्याचा तुकडा पहिल्या बाकापासून फिरवायला दिला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर चढला, त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ही भोकं. दोन लाव्ह्यांच्या मधे जो काळ गेला त्यात वरचा दगड उन्हापावसात कुजला, त्यातल्या लोखंडाला गंज चढला, तो हा तांबडा थर. याच पाषाणात वेरूळचं कैलास लेणं कोरलंय. "आणि असाच वितळून थिजलेला दगड बुधावर आहे, शुक्रावर आहे, मंगळावर आहे. तुमच्या गावच्या विहिरीत उतरलं की चार ग्रहांची ओळख होते." शुक्रावर रशियाचं व्हेनेरा 13 हे यान 1982 मध्ये उतरलं होतं. 450 अंशांच्या वरच्या भट्टीत, पृथ्वीवरच्या हवेच्या नव्वदपट दाबाखाली ते 127 मिनिटं टिकलं आणि तेवढ्यात तिथला दगड तपासून 'बेसॉल्टसारखा', म्हणजे आपल्या काळ्या पाषाणासारखा आहे असं कळवून गेलं. हे सरांनी सांगितलं तेव्हा त्या घटनेला पुरती चार वर्षंही झाली नव्हती. तालुक्याला पेपर दुसऱ्या दिवशी पोचायचा त्या काळात हा माणूस हे सगळं कुठून मिळवायचा, हे मला अजून उलगडलेलं नाही.

वर्गाच्या भिंतीवर सूर्यमालेचा जुना तक्ता होता. त्यावर बुध स्वतःभोवती 88 दिवसांत फिरतो असं छापलेलं. 1965 साली रडारनं मोजल्यावर तो आकडा 59 निघाला होता, पण तक्ता आधीचा. सरांनी स्टुलावर चढून शाईनं 88 खोडलं आणि बाजूला 59 लिहिलं. छापलेलंही खोडता येतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता मैदानावरची गोष्ट. माझ्या तुकडीतला कोणीही भेटला तरी तिच्याशिवाय बोलणं संपत नाही. सरांनी एका शिपायाकरवी बैलगाडीचं चाक मागवलं आणि झेंड्याच्या खांबाला टेकवून उभं केलं. हा सूर्य. एक सेंटिमीटर म्हणजे दहा हजार किलोमीटर. त्या मापानं बुध म्हणजे ज्वारीचा दाणा, खांबापासून 58 मीटरवर. शुक्र आणि पृथ्वी म्हणजे दोन गोट्या, जवळजवळ सारख्या, 108 आणि 150 मीटरवर. मंगळ म्हणजे हरभरा, 228 मीटरवर. टेपनं मोजत मोजत आम्ही गेलो. हरभरा माझ्या हातात होता. मी शाळेचं कुंपण ओलांडून बाभळीपाशी जाऊन उभा राहिलो. तिथून चाक पाहिलं तर रुपयाएवढं दिसत होतं. माझ्या आणि पृथ्वीवाल्या मुलाच्या मधे नुसतं ढेकळांचं रान. गुरू कुठं येईल असं विचारलं तर सरांनी पार मारुतीच्या देवळाकडे बोट केलं: पाऊण किलोमीटरवर, नारळाहून मोठा. मी इतका वेळ मूठ घट्ट धरून उभा होतो की हरभरा घामानं ओला झाला होता.

परत आल्यावर सरांनी विचारलं, जवळचे चारही ग्रह एवढे लहान आणि दगडी का? मग त्यांनीच चूल मांडून दाखवली, म्हणजे बोलण्यात. सूर्याच्या जवळ इतकी धग की पाणी आणि हलके वायू तिथं गोठूच शकले नाहीत. घट्ट झालं ते फक्त लोखंड आणि दगड. ते मुळात कमीच, म्हणून ग्रह लहान, पण जड. पाण्याच्या मानानं पृथ्वी साडेपाच पट जड, बुध 5.4, शुक्र 5.2, मंगळ 3.9. आणि तो भलामोठा शनी पाण्याहून हलका! बुध एवढासा असून एवढा जड, कारण त्याच्या पोटात प्रचंड लोखंडी गोळा आहे आणि दगड वर शेंगेच्या टरफलासारखा.

मंगळाचं वातावरण का गेलं, हे सांगताना ते म्हणाले, "लहान भाकरी आधी निवते." मंगळ लहान, त्याचं पोट लवकर निवलं, त्याचं चुंबकत्व गेलं, मग हवा धरून ठेवायला त्याच्याकडे काही उरलं नाही. शुक्राचं उलट. आकार पृथ्वीएवढाच, पण कार्बन डायऑक्साइडची गोधडी इतकी जाड की आत गेलेली उष्णता बाहेरच पडत नाही. म्हणून सूर्याला चिकटलेल्या बुधापेक्षाही शुक्र तापट. पहाटे दारं धरायला निघालेला शेतकरी ज्या चांदणीकडे बघून वेळ ओळखतो, तिथं शिसंही वितळतं, हे ऐकून मी किती तरी दिवस शुक्राकडे वेगळ्या डोळ्यांनी बघत होतो.

त्याच वर्षी आमच्या ताईचं लग्न मंगळावरून अडलं होतं. दोन स्थळं पत्रिका पाहून परत गेली. माय रात्री रडायची, ताई बोलायचीच बंद झाली. मी सरांना सांगितलं नव्हतं, गावानं सांगितलं. सर संध्याकाळी घरी आले, अण्णांच्या हातावर तो तांबडा थर ठेवला आणि म्हणाले, "अण्णा, मंगळ म्हणजे हे. गंजलेलं लोखंड. तुम्ही आयुष्यभर हेच फोडत आलात. याला तुमच्या लेकीचं काय वाकडं करायचंय?" अण्णा काहीच बोलले नाहीत, ती माती हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. पुढच्या स्थळाला त्यांनी पत्रिका दिली नाही. लग्न व्हायला अजून दीड वर्ष लागलं, पण पत्रिका पुन्हा आमच्या घरातून बाहेर गेली नाही. ताईला आज तीन नातवंडं आहेत.

सहल लोणारला गेली. एसटीत सगळ्यांच्या फडक्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. काठावरून आत पाहिलं तर जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंद वाटी, तळाशी हिरवट खारं पाणी. आजीनं सांगितलेला लवणासुर मनात होता. हा ज्वालामुखी असावा असंही पूर्वी मानलं जायचं, पण 1973 च्या सुमारास इथल्या दगडांत प्रचंड आघातानंच होतात अशा खुणा सापडल्या आणि उल्केचा घाव नक्की झाला. सर म्हणाले, बुधाचा चेहरा अशा खड्ड्यांनी भरलाय. पृथ्वीवरही पडले, पण आपल्याकडे पाऊस, नद्या आणि वारा खुणा पुसून टाकतात. मंगळाची जमीन समजून घ्यायला जगभरचे लोक लोणारला येतात, कारण हा घाव आपल्या काळ्या पाषाणात बसलाय.

24 सप्टेंबर 2014 ला सकाळी मंगळयान मंगळाच्या कक्षेत गेलं तेव्हा मी सरांना फोन लावला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणाले, "हरभरा आठवतो का रे?" एवढंच. तेच आमचं शेवटचं बोलणं ठरलं.

मंगळावर फिरलेल्या स्पिरिट गाडीनं काढलेले फोटो पुढं मुलानं मला मोबाइलवर दाखवले. त्यात भोकाभोकांचे काळपट दगड पसरलेले होते. मांजऱ्याच तो! अण्णांनी लांबूनच ओळखला असता.

महोत्सवानिमित्त मी शाळेला एक लाकडी खोकं दिलंय. त्यात आपल्याच शिवारातल्या बोअरच्या भुकटीच्या बारा बाटल्या आहेत, प्रत्येकीवर किती फुटांवरची ते लिहिलंय. तांबडी बाटली सातवी. भूगोलाच्या शिक्षकांना एकच विनंती, ती कपाटात बंद करून ठेवू नका. मुलांच्या हातावर ओता.