वीस सेकंद

आमच्या साताऱ्याच्या रनिंग ग्रुपवर जानेवारीत संकल्पांचा नुसता पूर येतो. यंदा हिल हाफ मॅरेथॉन दोन तासांत, यंदा दहा किलो कमी, वगैरे. संक्रांत उलटली की त्यातले निम्मे दुलईतून बाहेर पडत नाहीत. मग मला विचारतात, "मॅडम, तुम्हाला एवढं मोटिव्हेशन येतं कुठून?"

कुठून येणार! अलार्मला शिव्या मीही घालते. फक्त लांबचं ध्येय मला झेपत नाही, म्हणून जवळचं धरते. ही अक्कल आली धावपटू अविनाश साबळेचे आकडे बघून. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा पोरगा, बारावीनंतर सैन्यात गेलेला. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे पळता पळता २८ अडथळे, शिवाय सात वेळा पाण्यावरून उडी. गोपाल सैनींचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम त्याने २०१८मध्ये भुवनेश्वरला मोडला, तोही जेमतेम एका सेकंदाने: ८ मिनिटं २९.८० सेकंद. पुढच्या वर्षी दोह्याच्या जागतिक स्पर्धेत ८:२१.३७. २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०, तिथे सुवर्ण हुकलं ते पाच शतांश सेकंदाने. जुलै २०२४मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगला ८:०९.९१. वीस सेकंद उतरवायला सहा वर्षं! पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकमध्ये तो अकरावा आला, तर ग्रुपवर 'काही उपयोग नाही' म्हणून मोकळे. अशी चिडले होते मी!

मी पतसंस्थेत कॅशियर, आकडा लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. यवतेश्वरचा घाट चढून देवळापाशी पोहोचले की लागलेला वेळ घरी येऊन कॅलेंडरवर लिहायचा, दुधाच्या खाड्यांशेजारी. मागच्या रविवारपेक्षा थोडासा कमी निघाला तरी त्या दिवशी पोहेसुद्धा जास्त छान लागतात. वाढला तरी लिहायचाच. भरणा कमी झाला म्हणून त्या दिवसाचं पान कोणी कॅशबुकातून फाडत नाही.

सध्या गुडघा धरलाय. साबळेचाही २०२५मध्ये मोनॅकोला गुडघा दुखावला, ऑपरेशन करावं लागलं. आमच्यात साम्य काय ते एवढंच. डॉक्टरांनी घाट बंद केलाय, त्यामुळे कॅलेंडरवर हल्ली 'पोवई नाका, चालत' अशा नोंदी असतात. परवा नवरा म्हणाला, "ह्याला काय ध्येय म्हणायचं?" आदल्या दिवसापेक्षा लवकर घरी पोहोचले होते, म्हणून चहा त्यालाच टाकायला लावला.