दत्तपूर, आनंदवन आणि विळ्याची मूठ

ऑक्युपेशनल थेरपी (आजार किंवा दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार) शिकताना तिसऱ्या वर्षाच्या आसपास मन उठतंच. स्प्लिंटचे (हात-बोटांना आधार देणाऱ्या पट्ट्यांचे) कोन पाठ करा, जर्नल भरा, आणि गावी गेलं की "म्हणजे मालिश शिकतेस का?" प्रेरणादायी भाषणांनी यावर काही फरक पडत नाही. आपल्याच विदर्भातला कुष्ठरोगाचा इतिहास वाचून मात्र पडू शकतो.

मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६ मध्ये सुरू केलं. अमरावतीचं तपोवन १९४६ चं, आनंदवन १९५१ चं. कमला निंबकरांनी मुंबईत केईएम रुग्णालयात आपल्या विषयाचं शिक्षण सुरू केलं ते १९५० मध्ये. म्हणजे अभ्यासक्रम येण्याआधीच वर्ध्याकडे बधिर हात कामाला लागले होते. हा इतिहास बहुधा संतचरित्रासारखा सांगतात. तुम्ही तो हातांकडे बघत वाचा.

कुष्ठरोगात हाताच्या नसा निकामी होतात. अल्नर नर्व्ह (करंगळीच्या बाजूची नस) गेली की करंगळी आणि अनामिका वळतात, मीडियन (मनगटाच्या मधली नस) गेली की अंगठा समोर येत नाही. पण निंदणाच्या दिवसांत खरा घात बधिरपणा करतो. पकड किती घट्ट झाली हे कळत नाही, म्हणून विळा गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो. दुखत नाही, त्यामुळे काम थांबत नाही. फोडाची जखम होते.

उपाय साधा आहे. विळ्याच्या मुठीवर फोमची पट्टी, तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून. मुठीची एकूण जाडी साधारण ३ ते ४ सेंटिमीटर. जास्त जाड केली तर वळलेली बोटं तिच्याभोवती बसत नाहीत. बारीक ठेवली तर सगळा दाब एकाच रेघेवर येतो. नुसता फोम घामाने भिजून आठवड्यात कुजतो. चुलीवरचा गंज (पातेलं) उतरवायला लांब दांड्याची सांडशी द्या; पदराने धरणं बंदच. रोज संध्याकाळी हात २० मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचे, जाड कातडी हलकेच घासायची, ओलसर असतानाच तेल लावायचं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत कुष्ठमुक्त व्यक्ती आहेत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज कसा भरायचा हेही तुम्हाला यायला हवं. (हे वर्गात फारसं कुणी शिकवत नाही.)

मूठ ओपीडीत तपासून पाठवू नका. तासभर निंदण झाल्यावर तळहात बघा. लाली २० मिनिटांत गेली नाही, तर मूठ पुन्हा बांधा.