टफ मडरला कॅमेरा नेताय? छातीवर बांधा

डोक्यावर नको, मनगटावर तर मुळीच नको. टफ मडर या चिखल आणि अडथळ्यांच्या शर्यतीत स्वतःचं शूटिंग करायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो.

आमची शर्यत इंग्लंडमध्ये हेन्ली-ऑन-थेम्सजवळच्या कल्डन फॉ इस्टेटवर होती. पॅडिंग्टनहून गाडी, ट्वायफर्डला बदल, पुढे हेन्लीपर्यंत छोटी लोकल. रेडिंगकडची आम्ही मराठी मित्रमंडळी, त्यात मित्राची बायको पहिल्यांदाच येणारी. हा चिल्टर्नच्या टेकड्यांचा भाग. बीच वृक्षांची दाट झाडी, वर घिरट्या घालणाऱ्या तांबड्या घारी, पायाखाली खडूची माती आणि गारगोटी. चिखलात ती गारगोटी दिसत नाही, पण रांगताना गुडघे सोलवटून काढते. पँट लांबच घाला. अंतर १५ किलोमीटर. इथे कुणी वेळ मोजत नाही, एकमेकांना ओढून न्यायचं असतं. अडथळ्यांपाशी रांगा लागतात, त्यामुळे तीन-चार तास सहज जातात.

कॅमेऱ्याची बॅटरी एवढं टिकत नाही. म्हणून सलग शूटिंग करूच नका. अडथळ्याच्या रांगेत पुढे सरकलात की चालू, पार झालं की बंद. एक बटण दाबताच कॅमेरा सुरू होऊन थेट रेकॉर्डिंग करील अशी सेटिंग करून ठेवा आणि टचस्क्रीन लॉक करा, कारण ओल्या स्क्रीनवर पाण्याचे थेंबच बटणं दाबत बसतात. व्हिडिओच्या फोर-के दर्जाच्या मागे लागू नका, १०८०पी आणि सेकंदाला ६० फ्रेम पुष्कळ झालं. गोप्रो कंपनीचा जुना कॅमेरा विकत घेणार असाल तर २०१८चा हीरो ७ ब्लॅक किंवा त्यानंतरचा बघा. हादरे सावरणारं हायपरस्मूथ त्यातच पहिल्यांदा आलं. त्याआधीच्या कॅमेऱ्यातलं धावण्याचं फुटेज बघवत नाही.

छातीवरच्या पट्ट्यात कॅमेरा सरळ समोर रोखून ठेवायचा नाही. धावताना आपण पुढे झुकतो, मग नुसती जमीन दिसते. त्याचं तोंड एवढं वर करा की ताठ उभं राहिल्यावर निम्मं आभाळ दिसेल. झुकलात की समोरची वाट मधोमध येते आणि खाली आपले हात-गुडघे दिसतात. हात दिसणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण या शर्यतीत जे काही घडतं ते हातांमुळेच.

एव्हरेस्ट नावाच्या अडथळ्याचंच घ्या. आत वळलेली उंच, घसरडी भिंत. पळत येऊन उडी मारायची आणि वरच्यांनी खाली सोडलेले हात पकडायचे. वहिनी माझ्याआधी वर पोचल्या होत्या. माझ्या फुटेजमध्ये आधी भिंत अंगावर येते, मग वरून कोपरापर्यंत माखलेला एक हात येतो, सटकतो, आणि आवाज येतो, "भाऊजी, मनगट धरा, बोटं नको!" पुन्हा तोच हात, आणि शेजारून कुणा अनोळखी माणसाचा दुसरा. त्या माणसाचा चेहरा मी नंतर पाहिलाच नाही, पण हात मात्र कायमचा माझ्याकडे आहे. डोक्यावरच्या कॅमेऱ्याला हे सापडलं नसतं, कारण त्या क्षणी मान खाली जाते.

डोक्यावरच्या पट्ट्याचा दुसरा धोका आर्क्टिक एनिमा या अडथळ्याला कळतो. बर्फाच्या पाण्यात उतरून मधल्या फळीखालून बुडी मारायची. पट्टा तिथेच निसटतो, आणि त्या गढूळ पाण्यात पडलेला कॅमेरा शोधणं अशक्य. कॅमेऱ्याला आखूड दोरी बांधून ती छातीच्या पट्ट्यात अडकवा, गळ्यात कधीच नको, कुठे अडकली तर फास बसेल. सुरुवातीलाच स्वतःच्या फोन नंबरच्या चिठ्ठीचा फोटो त्याच कार्डावर काढून ठेवा, सापडणाऱ्याला परत करता येतो. काटेरी तारेखाली रांगताना कॅमेरा क्लिपमधून काढून मुठीत धरा. छातीखाली तो चिखलात रुततो आणि बरगडीलाही लागतो.

स्वतःचा चेहरा हवा असेल तर कॅमेरा सोबतच्याला द्या. गटात एकच कॅमेरा ठेवून तो आळीपाळीने बांधणं मला सगळ्यात आवडतं. आणि कुणी थंडीने थरथरत असेल, रडत असेल, तर रेकॉर्डिंग बंद.

कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब धरू नयेत म्हणून ती जिभेने ओली करण्याची जुनी युक्ती आहे. ती सुरुवातीच्या रेषेआधीच करा, एकदा चिखल लागला की नाही. अमेरिकेत नेवाडामध्ये ऑक्टोबर २०१२ला गुरांच्या रँचवर अशीच शर्यत झाली आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूच्या संसर्गाने २२ जण आजारी पडल्याची नोंद आहे. तोंडात गेलेला चिखल हेच त्याचं कारण मानलं गेलं. वाटेत काच पुसायला झिप-पिशवीत मायक्रोफायबरचा तुकडा ठेवा. कपड्याला पुसू नका, रेतीने ओरखडे पडतात.

शेवटच्या इलेक्ट्रोशॉक थेरपीला, म्हणजे लोंबत्या विजेच्या तारांतून पळण्याला, कॅमेरा बाहेर उभ्या असलेल्या कुणाकडे तरी द्या. तो प्रसंग बाहेरूनच नीट दिसतो, आणि तो अडथळा टाळला तरी कुणी काही म्हणत नाही. हृदयाचा त्रास असेल तर टाळाच.

घरी आल्यावर कार्ड काढायची घाई नको. आधी कॅमेरा बंदच्या बंद साध्या पाण्यात बुडवून ठेवा, कार्डाच्या दाराच्या फटीतली माती मऊ ब्रशने काढा, पूर्ण वाळू द्या आणि मगच दार उघडा. रबरी कडेला एक कण जरी चिकटून राहिला, तरी पुढच्या बुडीला पाणी आत शिरतं.