आकाशकंदील मातकट का झाले?

दिवाळी पहाटेला ठाण्यातल्या तलावपाळीवर काढलेले फोटो सुधारायला बसलो आणि तिसऱ्याच लेयरला (फोटोवर चढवलेल्या थराला) सॉफ्टवेअरने ‘स्क्रॅच डिस्क भरली आहे’ असे सांगून हात वर केले. 24 मेगापिक्सेलची जेपेग फाइल दिसायला काही एमबीचीच असली, तरी उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी एकेक बाइट लागून ती सुमारे 72 एमबी व्यापते, लेयर आणि अनडूचा इतिहास त्यात भर घालतात, आणि रॅम अपुरी पडली की हा भार डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलवर येतो; ही फाइल जिथे बनते तीच स्क्रॅच डिस्क. माझ्या सी ड्राइव्हवर जेमतेम 3 जीबी मोकळे होते. स्क्रॅच डिस्क डी ड्राइव्हवर नेली आणि काम सुरळीत झाले.

रंगांचे दुखणे मात्र चिवट निघाले. पडद्यावर केशरी दिसणारे आकाशकंदील फोनवर पाठवताच मातकट होत, आणि मी (उगाचच) मॉनिटरला बोल लावत राहिलो. वास्तविक कॅमेऱ्यातच अ‍ॅडोबी आरजीबी, म्हणजे नेहमीच्या एसआरजीबीपेक्षा जास्त रंग सामावणारी रंगपद्धत, निवडलेली होती. प्रोफाइल (फाइलमधली रंगपद्धतीची नोंद) न वाचणारे अ‍ॅप फोटोतले रंगांचे आकडे एसआरजीबीचेच समजते. त्यामुळे एक्स्पोर्ट करताना एसआरजीबीत रूपांतर करावे लागते. ते न करता, म्हणजे आकडे तसेच ठेवून, एसआरजीबीचे प्रोफाइल नुसते नेमून दिले, तर तोच मातकटपणा सगळीकडे दिसू लागतो. हा प्रयोगही मी करून बसलो होतो.