स्टँडवरचं सहा सिलिंडर डिझेल: ५ व्होल्टचा घोळ सुटला, क्रँकचा सिग्नल बाकी

मागच्या नोंदीपर्यंत स्टँडवरच्या या इंजिनाच्या ईसीएमला (इंजिन चालवणारा कंट्रोलर) २४ व्होल्ट मिळत होते, पण रीडरवर (दोषाचे कोड वाचणारं यंत्र) एक ओळही उमटत नव्हती. आता उमटते.

आधी कॅन लाइन, म्हणजे ईसीएम आणि रीडर ज्यावरून बोलतात ती दोन वायरची जोडी. सप्लाय पूर्ण काढून तिच्या कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन वायरींत मोजलं तर १२० ओहम. हवेत ६०, कारण दोन टोकांना १२०चा एकेक रेझिस्टर असतो आणि ते समांतर येतात. हार्नेस (वायरींचा जुडगा) कापताना एक टोक चॅसिसकडेच राहिलं होतं. रेझिस्टर लावल्यावर ६०.३. (४०च्या आसपास आले तर तिसरा रेझिस्टर कुठेतरी लपलाय.) टेस्टसाठी लाइनमधून काढलेली फांदी १ मीटरच्या आत ठेवली. लाइनचा वेग सेकंदाला २५० किलोबिट.

लाइन बोलू लागताच चार कोड एकदम आले: एसपीएन (दोष कुठे आहे त्याचा क्रमांक) १०० ऑइल प्रेशर, १०२ बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), १५७ रेल प्रेशर (इंजेक्टरना जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि ३५०९ सेन्सर सप्लाय. चौघांचाही एफएमआय (दोष कोणत्या प्रकारचा त्याचा आकडा) ४, म्हणजे व्होल्टेज कमी. इथे बहुतेक जण तीन सेन्सर मागवतात. तीन सेन्सर एकाच वेळी मरत नाहीत. तिघांचा ५ व्होल्टचा सप्लाय एकच आहे, आणि यादीतला ३५०९ तेच सांगतोय.

चावी ऑन, इंजिन बंद. बूस्ट सेन्सरच्या कनेक्टरवर सप्लाय आणि अर्थ यांच्यात १.८ व्होल्ट. एकेक सेन्सर काढत गेलं, दर वेळी मीटर बघत. तिन्ही निघाले तरी १.८च. म्हणजे सेन्सर निर्दोष, दोष वायरमध्ये. मग ईसीएमच्या कनेक्टरमधून सप्लायची पिन बाहेर काढली, तर ईसीएमच्या बाजूला ४.९८. ही पायरी वगळून ईसीएमला दोष देऊ नका.

वायर सापडली इनटेक मॅनिफोल्डच्या ब्रॅकेटखाली. क्लिप तुटलेली, इन्सुलेशन घासून तांबं ब्रॅकेटला टेकलेलं. नुसती टेप गुंडाळली तर पुन्हा घासणार. खराब तुकडा कापून क्रिंप जोड, वर गोंदवाली हीट श्रिंक, बाहेरून कॉरुगेटेड नळी आणि नवी क्लिप. मोजताना प्रोब मादी पिनमध्ये खुपसला नाही. पिन फाकते आणि अधूनमधून येणारा दोष आपणच जन्माला घालतो. मागच्या बाजूने बारीक सुई वापरली.

आता ऑइल आणि रेल प्रेशरचे सिग्नल इंजिन बंद असताना ०.५ व्होल्टवर स्थिर, बूस्टचं रीडिंग हवेच्या दाबाइतकं. कूलंट सेन्सर दोन वायरचा थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा), म्हणून तपासणी सोपी: कनेक्टर काढला की एफएमआय ३ (व्होल्टेज जास्त), दोन्ही वायर एकमेकींना जोडल्या की ४. दोन्ही कोड आले, म्हणजे वायरिंग ठीक. कॅन लाइनवर कूलंटचं तापमान आणणारा संदेश ६५२६२, त्याचा पहिला बाइट हेक्समध्ये (१६च्या पायावर) ४५, म्हणजे ६९. त्यातून ४० वजा केले की २९ अंश. थंड इंजिनाला पटणारं.

राहिला क्रँकशाफ्टचा वेग मोजणारा सेन्सर. इंजेक्टरचे कनेक्टर काढून स्टार्टर मारला (ईसीएम इंजेक्टरना बॅटरीपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतं, चालू असताना तिथे हात नको). इंजिनाचा वेग आणणाऱ्या संदेश ६१४४४च्या चौथ्या-पाचव्या बाइटमध्ये ०० ०५ दिसतं. खालचा बाइट आधी येतो, म्हणून आकडा हेक्स ०५००, म्हणजे १२८०, गुणिले ०.१२५, म्हणजे १६० आरपीएम. पण मध्येच शून्यावर पडतं. सेन्सर ज्याचे दात मोजतो ते चाक ६० वजा २ दातांचं आहे (दोन दात मुद्दाम गायब), सेन्सर दोन वायरचा इंडक्टिव्ह (चुंबक आणि कॉइलचा). संशयित तीन: सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस, सेन्सर आणि चाकातलं वाढलेलं अंतर, आणि उलट जोडलेल्या वायर. शेवटचा फसवा असतो, सिग्नल दिसतो पण गायब दातांची जागा ईसीएमला चुकीच्या कोनात भासते.

पुढचं काम: सेन्सर काढून टोक पुसणं, मग क्रँक आणि कॅमशाफ्ट दोन्ही सेन्सरचे सिग्नल एकत्र ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र).