बैठकीआधीची बैठक

परदेशी व्यवस्थापक वीस स्लाइड दाखवतो आणि शेवटी विचारतो, "कुणाला काही शंका?" समोरच्या जपानी सहकाऱ्यांपैकी कुणालाच शंका नसते. तो समाधानाने लॅपटॉप मिटतो. तीन आठवड्यांनी कळतं की काम इंचभरही हललेलं नाही, आणि तोंडाने 'नाही' असंही कुणी म्हटलेलं नाही. मग शेरा ठरलेला: जपानी माणसं मनातलं बोलत नाहीत. खरं तर बोलतात, आणि बरंच बोलतात. पण ते बोलणं बैठकीच्या आधीच उरकलेलं असतं, आणि त्या वेळी या गृहस्थांनी कुणाचं दार ठोठावलेलंच नसतं.

या आधीच्या बोलण्याला नेमावाशी म्हणतात. शब्द माळीकामातला. मोठं झाड दुसरीकडे लावायचं असेल तर कितीतरी महिने आधी बुंध्याभोवती खणतात, जाड मुळं छाटतात, तिथे नवी तंतुमुळं फुटू देतात आणि मगच झाड उचलतात. एकदम उपटलेलं झाड नव्या मातीत जगत नाही. मराठीत याच्या सर्वांत जवळ जातं ते 'कानावर घालणं'. पण आपण बहुधा साहेबांच्या कानावर घालतो, तेही परवानगीपुरतं. नेमावाशीत ज्याच्या ज्याच्या कामाला धक्का लागणार आहे त्या प्रत्येकाकडे जावं लागतं, आणि जाताना मसुदा बदलायची खरी तयारी ठेवावी लागते.

आधी नावं लिहून काढा. निर्णय घेणारा एक असतो, पण निर्णय अडवू शकणारे पाच-सहा असतात: गुणवत्ता विभाग, खरेदी, लेखा, प्रत्यक्ष काम करणारी तुकडी, आणि हे काम पूर्वी सांभाळलेला माणूस. हा शेवटचा हमखास विसरला जातो. त्याच्याकडे आता अधिकार नसतो, पण त्याचं मत सगळे विचारतात. मग एका कागदावर मावेल एवढा कच्चा मसुदा करा. त्याला ताताकिदाई म्हणतात, म्हणजे ठोकून आकार द्यायचा ऐवज. तो मुद्दाम अर्धवट दिसला पाहिजे. सुबक, रंगीत, पूर्ण सजवलेला मसुदा नेलात तर समोरच्याला वाटतं की सगळं ठरलंच आहे, आपल्याला फक्त दाखवायला आणलंय. मग तो "छान आहे" म्हणून मोकळा होतो, आणि त्या 'छान'ला काही अर्थ नसतो.

पहिली भेट स्वतःच्या थेट वरिष्ठाची. त्याला वगळून त्याच्या वरच्याकडे जाणं, म्हणजे काचोला, विभागातल्या तुकडीप्रमुखाला, ओलांडून बुचोला, विभागप्रमुखाला गाठणं, ही परदेशी व्यवस्थापकांची सर्वांत महागात पडणारी चूक. बुचो हसून ऐकून घेतो आणि काचोला विचारतो, "हे काय आहे?" काचोला काहीच माहीत नसतं. तिथून पुढे तो प्रस्ताव काचोच्या टेबलावर किती दिवस 'अभ्यासात' राहील ते सांगता येत नाही. वरिष्ठानंतर ज्याचा विरोध सर्वांत जास्त असेल त्याच्याकडे जा. पंधरा मिनिटं, समोरासमोर, शक्यतो दोघंच. "हे पटतंय का?" असं विचारू नका, "हे केलं तर तुमच्याकडे काय अडेल?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला भिडेखातर होकार मिळतो, दुसऱ्याला माहिती मिळते. दोन-तीन दिवसांनी सुधारलेला कागद घेऊन परत जा आणि त्यांच्या सूचनेमुळे कुठला परिच्छेद बदलला ते बोट ठेवून दाखवा. ही दुसरी फेरी बहुतेक जण गाळतात, आणि नेमकी तीच माणसाला आपल्या बाजूला आणते. सगळ्यांना एकदम ईमेल पाठवणं ही नेमावाशी नव्हे. दहा जणांच्या यादीत पहिलं उत्तर कुणालाच द्यायचं नसतं.

एवढं झालं की रिंगीशो, म्हणजे मंजुरीचा लेखी प्रस्ताव, फिरायला लागतो. त्यात विषय, हेतू, खर्च, पर्याय, धोके आणि जोडलेली दरपत्रकं असतात. तो खालून वर जातो आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्का पडतो. आता पुष्कळ ठिकाणी हे संगणकावर होतं. कागदावरच्या जमान्यात काही कार्यालयांत, विशेषतः बँकांमध्ये, कनिष्ठाने आपला शिक्का डावीकडे किंचित कलता मारायचा अशी रीत होती. शेजारच्या वरिष्ठाच्या शिक्क्यापुढे आपला शिक्का वाकून उभा आहे असं दिसावं म्हणून! यावर जपानी लोकही हसतात.

या सगळ्याला वेळ लागतो. लहानशा बदलालाही दोन-तीन आठवडे हाताशी ठेवलेले बरे. त्याचा मोबदला अंमलबजावणीत मिळतो, कारण मंजुरीच्या दिवशी प्रत्येकाला आपलं काम आधीच माहीत असतं. पण मंजुरीनंतर आराखडा बदलायचा म्हटलं तर मात्र कठीण. "छोटासाच बदल" म्हणून नव्याने घुसवलेली गोष्ट पुन्हा त्याच सगळ्या दारांवरून न्यावी लागते, आणि या वेळी दारं जरा सावकाश उघडतात.

आता रोजच्या कामाकडे. जपानी कार्यालयात नवख्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते होरेन्सो. होकोकु, रेनराकु आणि सोदान या तीन शब्दांच्या आद्याक्षरांचा हा जोडशब्द, आणि जपानीत होरेन्सो म्हणजे पालकाची भाजी, त्यामुळे तो कुणी विसरत नाही. १९८२ मध्ये यामातानेच्या शेअर-दलाली कंपनीचे अध्यक्ष यामाझाकी तोमिजी यांनी तो रूढ केला. होकोकु म्हणजे ज्याने काम दिलं त्याला अहवाल. रेनराकु म्हणजे ज्यांचा संबंध आहे त्यांना नुसती माहिती, त्यात स्वतःचं मत मिसळायचं नाही. सोदान म्हणजे निर्णय घेण्याआधीचा सल्ला. मिश्र गटात घोळ होतो तो या तिसऱ्याने. आपल्याकडचा चांगला अभियंता अडचण आली की आधी स्वतः झगडतो, सोडवतो आणि मग सांगतो. ती त्याची शान असते. जपानी वरिष्ठाच्या नजरेत त्याने दोन दिवस माहिती दडवलेली असते. उलट तो जपानी वरिष्ठ दिवसातून तीनदा "कुठपर्यंत आलं?" विचारतो, तेव्हा अभियंत्याला वाटतं की आपल्यावर विश्वास नाही. दोघांचंही खरं आहे, म्हणून हे समजुतीवर न सोडता लिहून ठरवावं.

काय लिहायचं? किती वेळ अडल्यावर विचारायचं याचा आकडा, समजा एक तास. मुदतीचा निम्मा वेळ संपला की काही झालेलं नसलं तरी मधला अहवाल, त्याला चुकान-होकोकु म्हणतात. अहवालाचा क्रमही ठरवा: आधी निष्कर्ष, मग सद्यस्थिती, मग ठरल्यापासून किती ढळलो आणि का, शेवटी पुढची तारीख. वाईट बातमी पहिल्या ओळीत. 'आज संध्याकाळपर्यंत' हा शब्दप्रयोग बंदच करा. जपानचं घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. तोक्योतले संध्याकाळचे ५ म्हणजे भारतातले दुपारचे दीड, आणि पुण्यातल्या माणसाची 'संध्याकाळ' उजाडते तेव्हा तिकडचा माणूस रात्रीच्या गाडीत असतो.

होरेन्सोला एक गमतीशीर जोडही आहे: ओहिताशी, म्हणजे उकडून मुरवलेल्या पालकाची भाजी. वरिष्ठाने कसं वागावं याची ही आद्याक्षरं. रागवायचं नाही, झिडकारायचं नाही, मदत करायची, पुढचं पाऊल सांगायचं. कनिष्ठाकडून पालक हवा असेल तर वरिष्ठाने ही भाजी शिजवायला हवी. अडचण घेऊन आलेल्यावर एकदा खेकसलात की पुढच्या वेळी तो अडचण लपवतो, आणि त्याला जपानी-भारतीय असा काही भेद नाही.

चूक झाल्यावर काय मागितलं जातं, तेही नीट समजून घ्या. उत्पादन असो वा सॉफ्टवेअर, जपानी ग्राहक दोन वेगळी कारणं विचारतो: दोष निर्माण का झाला, आणि तो आपल्या हातून निसटून बाहेर का गेला. पहिलं कारण सगळे देतात, दुसरं विसरतात. मग तात्पुरता उपाय, कायमचा उपाय, आणि योकोतेन्काई, म्हणजे असाच दोष आणखी कुठे कुठे असू शकतो ते आडवं तपासून केलेली यादी. 'मानवी चूक' हे कारण आणि 'यापुढे काळजी घेऊ' हा उपाय लिहिलात की अहवाल परत येतो. टोयोटाच्या ओनो ताइइची यांनी पाच वेळा 'का' विचारायची सवय लावली ती याचसाठी. 'का'चा शेवट माणसाच्या नावावर झाला तर अजून एकदा विचारायचं. त्याला चूक करता आली कशी? अहवाल येईपर्यंत गप्प बसू नये. पहिला फोन कारण कळण्याआधीच जायला हवा. कारण शोधण्यात चार दिवस गेले तर ते चार दिवस मूळ दोषापेक्षा जास्त लक्षात राहतात.

शब्दांबद्दल थोडंसं. संभाषणात मधे मधे येणारं 'हाइ' म्हणजे आपल्या फोनवरच्या 'हं… हं…'सारखं. ऐकतोय एवढाच त्याचा अर्थ. 'मुझुकाशी', म्हणजे 'अवघड आहे', याला सरळ नकार समजावं. 'केन्तो शिमासु', म्हणजे 'विचार करतो', यालाही बहुतेकदा नकारच समजावं, पुढची तारीख मिळाली तरच आशा. आणि 'चोत्तो…', म्हणजे 'जरा…', म्हणून वाक्य अर्धवट सोडलं तर ते तुम्हीही पूर्ण करायला जाऊ नये. प्रस्ताव इंग्रजीत असेल तर प्रश्न दोन दिवस आधी लिहून पाठवा. कित्येक जपानी सहकाऱ्यांना इंग्रजी वाचणं ऐकण्यापेक्षा कितीतरी सोपं जातं, आणि ते उत्तर तयार करून येतात. बैठक संपली की त्याच दिवशी गिजिरोकु, म्हणजे इतिवृत्त: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि 'काही चुकलं असल्यास उद्यापर्यंत कळवा'. बैठकीत गप्प बसलेला माणूस इथे लाल अक्षरांत दुरुस्त्या करून पाठवतो. तेच त्याचं बोलणं.

जपानमध्ये राहून तिथली माणसं सांभाळायची असतील तर शिष्टाचाराआधी कायदा पाठ हवा. व्हिजिटिंग कार्ड कोणत्या हाताने दिलं यावरून कुणाची नोकरी जात नाही. मात्र जादा कामाची मर्यादा महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तास आहे, आणि त्यासाठीही कामगारांशी लेखी करार लागतो. कायद्याच्या ३६व्या कलमावरून त्याला साबुरोकु म्हणतात. विशेष तरतूद घातली तरी वर्षाला ७२० तासांच्या पलीकडे जाता येत नाही, कुठल्याही एका महिन्यात सुट्टीच्या दिवशीचं काम धरून १०० तासांच्या आतच राहावं लागतं, आणि ४५ची रेषा वर्षातून सहाच महिने ओलांडता येते. मोठ्या कंपन्यांना हे एप्रिल २०१९ पासून लागू झालं, लहान-मध्यम कंपन्यांना वर्षभराने. रात्री १० ते पहाटे ५ मध्ये केलेल्या कामाला २५ टक्के जादा द्यावे लागतात. तेव्हा दुसऱ्या खंडातल्या कार्यालयाच्या सोयीने रात्री ११ला बैठक लावताना तो खर्च आणि ते तास मोजलेत का, ते पाहा.

रजेचंही तसंच. सहा महिने सेवा आणि ८० टक्के हजेरी झाली की १० दिवस भरपगारी रजा मिळते, आणि ज्यांना वर्षाला १० किंवा जास्त दिवस मिळतात त्यांना त्यातले निदान ५ दिवस घ्यायला लावणं मालकाचं कर्तव्य आहे. "तो रजा मागतच नाही" हा बचाव चालत नाही. दंड माणशी ३ लाख येनपर्यंत होऊ शकतो. वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाकडून पाच तारखा लिहून घेणं हा सोपा मार्ग.

पॉवर हॅरॅसमेंट, म्हणजे अधिकाराच्या जोरावर होणारा छळ, बोलीत पावाहारा, रोखण्याची जबाबदारी जून २०२० पासून मोठ्या आणि एप्रिल २०२२ पासून सगळ्याच कंपन्यांवर आहे. सगळ्यांसमोर झापणं त्यात येऊ शकतं हे लोकांना ठाऊक असतं. नावडत्या माणसाला मुद्दाम क्षुल्लक काम देऊन कोपऱ्यात बसवणंही येतं, हे मात्र फारसं ठाऊक नसतं. कामावरून काढणं तर आणखी अवघड. सबळ कारण आणि समाजमान्य औचित्य नसेल तर ते रद्दच ठरतं. ३० दिवसांची नोटीस दिली म्हणजे सुटलो, असं नाही. कामगिरी कमी असेल तर काय सांगितलं, कधी सांगितलं, कोणतं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या कामावर घालून पाहिलं का, हे सगळं तारखेनिशी कागदावर असावं लागतं.

आणि मार्च महिना. जपानी आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि बदल्यांचा मोठा हंगाम तोच. वर्षभर तुमची भाषा समजून घेणारा काचो बदलीची वाच्यता अगदी शेवटी करतो, कारण त्यालाही ती तेव्हाच कळलेली असते. हिकित्सुगी, म्हणजे नव्या माणसाकडे सूत्रं सोपवणं, काही दिवसांत उरकतं, आणि त्यात फायली जातात, तोंडी समजुती जात नाहीत. म्हणून फेब्रुवारीतच बसून तोंडी ठरलेल्या सवलती, सोडून दिलेले आग्रह, 'या वेळी चालवून घेऊ' म्हटलेल्या गोष्टी इतिवृत्तात आणून घ्या. शक्य असेल तर जुना आणि नवा दोघंही एकत्र असताना एक भेट मागा. अशी भेट रिवाजातच बसते, सहसा नाकारली जात नाही. एप्रिलमधली नव्या माणसाची पहिली भेट मात्र ओळखीपुरतीच ठेवा. वर्षभराची इतिवृत्तं हातात द्या, वाचायला वेळ द्या. प्रस्ताव दुसऱ्या भेटीत, आणि तोही ताताकिदाईच्याच रूपात.