भुंगेऱ्याच्या पोटाखालचे प्रवासी

आज बहिणीकडं रंकाळ्याजवळ गेले होते. अंगणातली कुंडी सरकवली, तर खालून काळाकुळकुळीत भुंगेरा धावत सुटला. उलटा पडला तेव्हा पोटाखाली, पायांच्या सांध्यांजवळ तांबूस बारके ठिपके दिसले. ठिपके चालत होते!

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "गोचीड लागल्यात त्याला. चप्पल हाण आणि सोडव बिचाऱ्याला."

कीव आली, तरी हात चपलेकडंच गेला. दिवसभर हे मनातून जाईना.

ते ठिपके म्हणजे माइट नावाचे बारके जीव होते. गोचिडांचे भाऊबंदच, भाजीवरच्या लाल कोळ्याच्याही नात्यातले. पण भुंगेऱ्यावर बसणारे बरेचसे माइट त्याला शोषत नाहीत. त्यांना पंख नसतात, इवल्या पायांनी लांब जाता येत नाही. म्हणून बरेचदा पिल्लू आणि प्रौढ यांच्या मधल्या अवस्थेत ते भुंगेऱ्यावर चढतात, कोल्हापूरच्या केएमटी बसमध्ये चढावं तसे, आणि ओलावा, खाणं मिळेल तिथं उतरतात. शेणकिड्यांवरून जाणारे काही माइट तर ताज्या शेणात उतरून माश्यांची अंडी खातात. केवढी सोय आहे ही आपली! फार गर्दी झाली तर भुंगेऱ्याला ओझं होतं, हेही खरं.

आणि कुंडीखाली होता तसले भुंगेरे स्वतः रात्री फिरून अळ्या, किडे खातात. शेतातले कामाचे गडी. दिवसा ते दगडाखाली, पाल्यापाचोळ्याखाली दडतात.

पंचगंगेकाठी ऊस गेल्यावर पाचट पेटवतात, तेव्हा यांचं काय होत असेल? तुमच्या रानात पाचट उलटल्यावर असे भुंगेरे अजून दिसतात का?